पाणी गेलं, पण कळा नाहीत

आपल्या भाषेत पाणमोट ‘फुटते’ आणि पाणी ‘जातं’. दोन्ही क्रियापदं पोटात गोळा आणणारी. फुटलं म्हणजे काहीतरी बिघडलं आणि गेलं म्हणजे संपलं, असा अर्थ मन आपोआप लावतं. म्हणून दिवस भरलेली बाई ‘पाणी गेलं’ म्हणाली आणि कळांचा मात्र पत्ता नसला, की भोवतालच्या माणसांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, वाट कसली बघता, बाळ कोरडं पडेल, सरळ सिझर करून घ्या. दुसरा म्हणतो, कळा आपोआप येतील, सलाईन लावून आणलेल्या कळांनीच तर शेवटी सिझर होतं.

या दोन्ही समजुती संशोधकांनी हजारो बायकांच्या बाळंतपणात पद्धतशीर तपासून पाहिल्या आहेत. दोन्ही टिकलेल्या नाहीत. काय टिकलं, ते इथे सांगतो.

आधी हद्द आखून घेऊ. हे सगळं ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचं आहे, पोटात एकच बाळ आहे, डोकं खाली आहे आणि आतापर्यंत सगळं सुरळीत आहे असं धरून. त्याच्या आधीच पाणी गेलं तर बाळाची फुप्फुसं तयार झालीत का, हा मोठा प्रश्न मध्ये येतो आणि सगळा हिशोब बदलतो. तो वेगळ्या लेखाचा विषय. दिवस भरलेल्या साधारण १०० बायकांमध्ये ८ जणींचं पाणी कळांच्या आधी जातं. बाकी बहुतेकींच्या कळा आधी सुरू होतात आणि पाणमोट मधेच केव्हातरी फुटते. सिनेमात मात्र दर वेळी बाई उभी असते, पायाशी पाण्याचं थारोळं होतं आणि पुढच्याच दृश्यात ती किंचाळत असते. या ८ जणींनाही असं क्वचितच होतं.

पाणमोट आणि तिच्यातलं पाणी

बाळ ज्या पिशवीत तरंगतं ती दोन पदरांची असते. आतला पदर बाळाच्या बाजूचा, बाहेरचा गर्भपिशवीच्या भिंतीला टेकलेला. दोन्ही मिळून जाडी एक मिलिमीटरही भरत नाही, पण कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या विणीमुळे ते महिनोन्‌महिने ताण सोसतात. दिवस भरत आले की ही वीण उसवायला लागते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. गर्भपिशवीच्या तोंडावर जो भाग येतो तिथे पदर जास्त विरतात. एरवी हे काम कळांच्या जोडीनं चालतं. या ८ जणींमध्ये क्रम उलटा होतो, इतकंच. काही वेळा खालून वर चढलेला जंतुसंसर्गही पदर कमकुवत करतो. पण ‘काल कपाट सरकवलं म्हणून’, ‘जिने चढली म्हणून’ असा जो ठपका त्या बाईवर येतो, त्याला आधार नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही.

आता पाण्याचं. दिवस भरताना पाणमोटेत साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी असतं. ते एकदा भरून ठेवलेलं नसतं. त्यातलं बरंचसं पाणी म्हणजे बाळाची लघवी. बाळ पाणी गिळतं, लघवी करतं, पुन्हा गिळतं, आणि हे चक्र दिवसरात्र चालू असतं. पाणमोट फुटल्यावरही बाळाच्या किडन्या काम थांबवत नाहीत. त्यामुळे पाणी झिरपत राहतं आणि मागून नवं येत राहतं. ‘बाळ कोरडं पडलं’ हे वाक्य ऐकायला भयंकर आहे, पण दिवस भरलेल्या बाळाच्या बाबतीत काही तासांत असं कोरडेपण येत नाही. पाणी कमी झाल्यानं कळेच्या वेळी नाळेवर दाब येऊ शकतो, हे खरं. म्हणून तर बाळाचे ठोके तपासत राहतात.

मग अडचण काय आहे? अडचण दाराची आहे. ती पिशवी पाण्याची टाकी होती तशीच ती भिंतही होती. योनीमार्गात जंतू नेहमीच राहतात. तिथे ते निरुपद्रवी असतात, काही तर उपयोगी असतात. भिंत उभी असेपर्यंत ते वर जाऊ शकत नव्हते, आता जाऊ शकतात. गेल्या गेल्या संसर्ग होतो असं नाही, वेळ लागतो, आणि पुष्कळदा बाळंतपण त्याआधीच होऊन जातं. पण जितका वेळ जास्त तितकी संधी जास्त. पुढची सगळी चर्चा या एका वाक्याभोवती फिरते.

पाणीच आहे ना?

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. नवव्या महिन्यात बाळाचं डोकं मूत्राशयावर बसलेलं असतं, शिंकलं तरी थेंबभर लघवी सुटते. अंगावरून जाणारा पातळ स्रावही या दिवसांत वाढलेला असतो. धो-धो पाणी आलं तर शंकाच नको. थेंब-थेंब येत असेल तर घरी करता येण्यासारखं एकच आहे: स्वच्छ कोरडं पॅड लावायचं, अर्धा तास पडून राहायचं आणि मग उठून उभं राहायचं. पडल्या जागी खाली साचलेलं पाणी उभं राहताच एकदम येतं. पाण्याला लघवीचा वास नसतो, रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असतो, कधी किंचित गुलाबी छटा असते. आणि ते रोखून धरता येत नाही. हे शेवटचं लक्षण सर्वांत उपयोगी.

दवाखान्यात डॉक्टर निर्जंतुक उपकरणानं आत पाहतात आणि पाणी साचलंय का, खोकल्यावर गर्भपिशवीच्या तोंडातून ओघळतंय का, ते बघतात. जोडीला रंग बदलणारी पट्टी वापरतात. योनीमार्ग आंबट असतो, गर्भजल तसं नसतं, म्हणून पट्टी निळी पडते. मात्र रक्त, वीर्य किंवा साबण लागला तरी ती निळी पडू शकते, त्यामुळे तिच्यावर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. काचपट्टीवर थेंब वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर गर्भजलातल्या क्षारांची नेचाच्या पानांसारखी नक्षी दिसते. ही जुनी तपासणी मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. अलीकडे गर्भजलातली विशिष्ट प्रथिनं ओळखणाऱ्या तपासण्याही आल्या आहेत.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कळा नसताना, पाणी गेलेलं असताना, बोटांनी आतली तपासणी जितकी कमी तितकी चांगली. ‘तोंड किती उघडलंय बघू’ म्हणून दर थोड्या वेळानं वेगवेगळ्या माणसांनी तपासणं म्हणजे खालचे जंतू बोटाबरोबर वर नेऊन ठेवणं. हातमोजे निर्जंतुक असले तरी वाट निर्जंतुक नसते. पुढे ज्या मोठ्या अभ्यासाची गोष्ट येणार आहे, त्याच्याच माहितीच्या नंतरच्या छाननीत असं दिसलं की आईला संसर्ग होण्याशी आतल्या तपासण्यांच्या संख्येचा घट्ट संबंध होता. लोक घड्याळाला घाबरतात. बोटांची भीती कुणी घालत नाही. तेव्हा ‘ही तपासणी आता गरजेची आहे का?’ असं विचारणं हा आगाऊपणा नव्हे.

जेव्हा थांबायचा प्रश्नच नसतो

थांबायचं की कळा आणायच्या, ही निवड सगळ्यांनाच मिळत नाही. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळानं आत शी केली आहे, लगेच दवाखाना. ताजं लाल रक्त जात असेल, ताप असेल, पाण्याला घाण वास येत असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तरी तेच. बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर पुढची आखणीच वेगळी होते. आधीचं सिझर झालेलं असेल तर कळा आणायच्या काही औषधांनी जुना टाका उसवण्याचा धोका असतो, त्यामुळे ती बाब दवाखान्यात पाय टाकताच सांगायची.

ग्रुप बी स्ट्रेप नावाचा एक जंतू काही बायकांच्या योनीमार्गात किंवा गुदमार्गात असतो. आईला त्याचा त्रास नसतो, पण नवजात बाळाला तो गंभीर आजारी पाडू शकतो. गरोदरपणातल्या तपासणीत हा जंतू सापडलेला असेल तर वाट बघत नाहीत. शिरेतून पेनिसिलिनसारखं अँटिबायोटिक सुरू करतात आणि कळा आणतात. बाळ जन्मण्याच्या किमान ४ तास आधी ते औषध पोचलेलं बरं.

आणि एक दुर्मीळ पण ओळखायलाच हवी अशी गोष्ट. पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. योनीमार्गात काहीतरी दोरीसारखं लागतंय किंवा बाहेर दिसतंय असं वाटलं, तर ते आत ढकलायचं नाही. गुडघे टेकून छाती जमिनीला लावायची, कंबर उंच ठेवायची, म्हणजे बाळाचं डोकं नाळेवरून हलतं, आणि कुणालातरी त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलावायला सांगायची. इथे मिनिटं मोजायची असतात.

पाच हजार बायका आणि चार वाटा

यातलं काहीच नसेल, तर खरी निवड सुरू होते. निसर्गाचा कल कुठे असतो ते आधी बघू. पाणी गेल्यावर काहीच केलं नाही तर १०० पैकी साधारण ६० जणींना २४ तासांच्या आत आपोआप कळा सुरू होतात. म्हणजे थांबणाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. उरलेल्या ४० जणींना जास्त वेळ लागतो, आणि आपण कुणात मोडणार हे आधी कळत नाही.

१९९६ साली कॅनडाच्या मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावरचा आजवरचा सर्वांत मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. ६ देशांतली ७२ रुग्णालयं, ५,०४१ बायका. सगळ्यांचे दिवस भरलेले, पाणी गेलेलं, कळा नाहीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं त्यांचे ४ गट केले. एका गटात लगेच ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या औषधाचं सलाईन, दुसऱ्यात लगेच प्रोस्टाग्लँडिन या कळा आणणाऱ्या दुसऱ्या औषधाचं जेल. बाकी दोन गट ४ दिवसांपर्यंत थांबायचे, आणि तरीही कळा नाहीत किंवा काही बिघडलं तर एका गटाला सलाईन, दुसऱ्याला जेल.

निकाल असा आला. बाळांमधला संसर्ग चारही गटांत २ ते ३ टक्के, फरक असा म्हणण्याजोगा नाही. सिझरचं प्रमाण सर्वांत कमी गटात ९.६ टक्के आणि सर्वांत जास्त गटात १०.९ टक्के, म्हणजे तिथेही फरक नाही. फरक दिसला तो आईच्या बाबतीत. बाळंतपणाच्या वेळी पाणमोटेच्या पदरांना आणि पाण्याला संसर्ग झाल्याची लक्षणं लगेच ऑक्सिटोसिन मिळालेल्या गटात ४ टक्के जणींना दिसली, तर थांबून गरज पडल्यास ऑक्सिटोसिन घेणाऱ्या गटात ८.६ टक्के जणींना. आणखी एक निष्कर्ष मला त्या अभ्यासात फार बोलका वाटतो. ‘तुम्हाला मिळालेल्या उपचारात काय आवडलं?’ या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर देणाऱ्या बायका थांबलेल्या गटांत जास्त निघाल्या. ओल्या कपड्यांनिशी, आज की उद्या या टांगणीवर दिवस काढणं हे कुणाला ‘नैसर्गिक’ वाटेल, कुणाला नुसतंच थकवणारं.

त्यानंतर छोटेमोठे अभ्यास होत राहिले. २०१७ मध्ये कॉक्रन या संस्थेच्या संशोधकांनी असे २३ अभ्यास एकत्र केले, एकूण ८,६१५ बायका. लवकर कळा आणलेल्या बायकांमध्ये गर्भपिशवीचा संसर्ग जवळपास निम्मा होता. बाळांमधला सुरुवातीच्या दिवसांतला संसर्ग सुमारे पाव हिश्शानं कमी होता आणि अतिदक्षता विभागात जाणारी बाळंही कमी होती. सिझर वाढलेलं नव्हतं. त्यांनीच हेही लिहिलं की यातल्या बऱ्याच अभ्यासांचा दर्जा यथातथाच आहे, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. १९९६ मध्ये न दिसलेला बाळांमधला फरक इथे का दिसला? कारण मुळात हा संसर्ग कमी बाळांना होतो. शंभरात दोन-तीन बाळांना होणाऱ्या गोष्टीतला छोटा फरक टिपायला बायकांची संख्या फार मोठी लागते.

आकडे सांगण्याच्या पद्धतीनंही माणूस घाबरतो, ते इथेच सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी नाइस ही संस्था सांगते की पाणी आधी गेलेल्या बायकांच्या बाळांना गंभीर संसर्गाचा धोका १ टक्का असतो, एरवी तो अर्धा टक्का असतो. हेच कुणी ‘धोका दुप्पट होतो’ असं सांगेल. दोन्ही खरं. पण २०० बाळांमध्ये एकाच्या जागी दोघांना, असं ऐकल्यावर श्वास जागेवर येतो आणि विचार करता येतो. १९८ बाळं तेव्हाही ठीकच असतात.

‘सलाईनच्या कळांनी सिझर होतं’ हे कुठून आलं?

ही समजूत मूर्खपणाची नाही. एक चुकीची तुलना तिच्या मुळाशी आहे, आणि ती चूक पूर्वी अभ्यासकांनीही केली होती. कळा आणलेल्या बायका एका बाजूला आणि आपोआप कळा आलेल्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर पहिल्या बाजूला सिझर जास्त दिसतं. पण जिला अजून कळा नाहीत तिच्यासमोर ‘आज आपोआप कळा येणं’ हा पर्यायच नसतो. तो कुणाच्या हातात नाही. तिच्यासमोर आहेत ते दोनच: आत्ता कळा आणणं किंवा थांबणं. थांबणाऱ्यांपैकी काहींना कळा येतील, काहींना ताप येईल, काहींना दोन दिवसांनी तेच सलाईन लागेल. या सगळ्या एका बाजूला ठेवून तुलना केली की सिझरमधला फरक नाहीसा होतो. १९९६ चा अभ्यास इतका महत्त्वाचा ठरला तो त्यामुळेच. त्यानं नेमकी ही तुलना केली.

या पुराव्यावर मोठ्या संस्थांनी काय ठरवलं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये दिवस भरल्यावर आधी पाणी गेलेल्या बायकांमध्ये कळा आणण्याची शिफारस केली. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही कल तोच. बाकी सगळं ठीक असेल आणि बाईची इच्छा असेल तर १२ ते २४ तास थांबू द्यायला त्यांची हरकत नाही. नाइसनं २०२१ मध्ये म्हटलं की लगेच कळा आणणं किंवा २४ तासांपर्यंत थांबणं, यातलं काय हवं ते बाईला विचारा. माझं मत विचाराल तर मी कळा आणण्याकडे झुकेन, पण घाईनं नाही. रात्री दोन वाजता पाणी गेलं, बाळ-आई ठणठणीत, तर सकाळपर्यंत झोप काढून मग ठरवणं हा अडाणीपणा होत नाही. दोन-चार दिवस थांबण्याला मात्र आता आधार राहिलेला नाही.

कळा आणतात म्हणजे काय करतात

आधी गर्भपिशवीचं तोंड किती तयार आहे ते बघतात. मऊ झालंय का, आखूड झालंय का, थोडं उघडलंय का, पुढे वळलंय का, बाळाचं डोकं किती खाली आलंय. या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये सुचवली आणि आजही तीच चालते. तोंड तयार असेल तर थेट ऑक्सिटोसिन. कडक, बंद असेल तर आधी ते मऊ करणारं औषध, किंवा कळा आणणारं ऑक्सिटोसिनच, हे डॉक्टरांच्या सवयीवर आणि बाईच्या स्थितीवर ठरतं.

ऑक्सिटोसिन हे आपल्याच मेंदूतून स्रवणारं संप्रेरक. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं गर्भपिशवी आकुंचन पावते हे दाखवलं, आणि १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सलाईनमधून ते थेंबाथेंबानं देतात. अगदी कमी मात्रेपासून सुरुवात, आणि दर अर्ध्या तासानं थोडी वाढ, कळा नीट येऊ लागेपर्यंत. त्याची मोठी सोय अशी की रक्तातला त्याचा अर्धा भाग ३ ते ६ मिनिटांत नाहीसा होतो. कळा फार जोरात, फार दाट आल्या, म्हणजे १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त, आणि बाळाचे ठोके बिघडायला लागले, तर सलाईन बंद केलं की थोड्याच वेळात जोर ओसरतो. म्हणूनच हे सलाईन चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष लागतं. सलाईन लावून खोलीत कुणी फिरकलंच नाही, हे चालण्यासारखं नाही.

प्रोस्टाग्लँडिनचं जेल योनीमार्गात ठेवतात. ते तोंड मऊ करतं आणि कळाही आणतं, पण एकदा आत गेल्यावर सलाईनसारखं बटण दाबून थांबवता येत नाही. मिसोप्रोस्टॉल ही त्याच कुळातली गोळी, मूळची पोटातल्या अल्सरसाठीची. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मात्रा तोंडानं २५ मायक्रोग्रॅम, दर २ तासांनी. अल्सरची गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे हा तिचा आठवा हिस्सा. गोळी मोडून असा हिस्सा अचूक मिळत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती पाण्यात विरघळवून मोजून देतात. या औषधाची बदनामी झाली ती बहुतांशी जास्त मात्रेमुळे. आधी सिझर झालेल्या बाईला दिवस भरल्यावर कळा आणण्यासाठी ते देत नाहीत.

आणलेल्या कळा जास्त दुखतात का? बायका सांगतात ते असं: आपोआप आलेल्या कळा चढत जातात, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, सलाईनच्या कळा लवकर टिपेला पोचतात. शिवाय वायरी आणि नळ्यांमुळे हिंडणं-फिरणं कमी होतं, तेही दुखण्यात भर घालतं. कंबरेतून देण्याचं वेदनाशामक हवं असेल तर ते आधीच विचारून ठेवलेलं बरं. आणि वायरी लावल्या म्हणजे आडवंच पडायला हवं असं नाही. बसता येतं, कुशीवर वळता येतं, बऱ्याचदा उभंही राहता येतं.

आता या सगळ्यात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. कळा आणणं हे काम सावकाश होतं. पहिलटकरणीला तर फारच. सकाळी सलाईन लावलं आणि दुपारी तोंड जेमतेम ३ सेंटिमीटर उघडलेलं असलं की नातेवाईक येरझाऱ्या घालू लागतात, आणि ‘प्रगती नाही’ हे दोन शब्द हवेत तरंगायला लागतात. पण पाणी गेल्यानंतर ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास दिल्याशिवाय, आई आणि बाळ ठीक असतील तर, कळा आणणं फसलं असं म्हणू नये, हे अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. तोंड ६ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा टप्पा मुळातच संथ असतो. तेव्हा ‘कळा आणल्या आणि सिझर झालं’ अशा काही कहाण्यांमध्ये सिझर औषधामुळे झालेलं नसतं, वाट पाहणं लवकर संपल्यामुळे झालेलं असतं. तुम्हाला ‘आता सिझर करूया’ असं सांगितलं, तर विचारायचा प्रश्न हाच: बाळाचे ठोके बिघडलेत, मला ताप आहे, की नुसता वेळ जास्त झाला? पहिल्या दोन कारणांपुढे वाद घालायचा नसतो. तिसऱ्यावर बोलता येतं.

थांबायचं ठरलं तर

आधी दवाखान्यात जाऊन तपासणी झालेली हवी. पाणी स्वच्छ आहे, डोकं खाली आहे, ठोके नीट आहेत, हे पाहिल्याशिवाय घरी थांबणं म्हणजे अंधारात चालणं. १९९६ च्या अभ्यासातल्या बायकांची नंतर वेगळी छाननी झाली तेव्हा घरी थांबलेल्यांच्या तुलनेत रुग्णालयात थांबलेल्यांची स्थिती काही बाबतींत बरी होती, पहिलटकरणींची विशेषतः. तरीही काही ठिकाणी घरी पाठवतात. मग जागेपणी दर ४ तासांनी थर्मामीटरनं ताप मोजायचा. ताप ३८ अंश सेल्सिअस भरला किंवा थंडी वाजून आली, पाण्याचा रंग-वास बदलला, बाळ नेहमीसारखं हललं नाही, तर ठरलेली वेळ विसरून निघायचं. आंघोळ चालते. शरीरसंबंध नको, टॅम्पॉन नको, आत धुणं नको. पॅड बदलताना त्याचा रंग बघायची सवय लावायची.

‘खबरदारी म्हणून’ सगळ्यांना अँटिबायोटिक द्यावं का? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की दिवस भरलेल्या बाईला नुसतं पाणी गेलंय एवढ्यावर सरसकट देऊ नये. ग्रुप बी स्ट्रेप असेल किंवा ताप आला तर द्यायचंच. त्या जंतूची तपासणीच झालेली नसेल, तर पाणी जाऊन १८ तास उलटल्यावर अनेक डॉक्टर ते सुरू करतात.

पाणी किती वाजता गेलं ते लिहून ठेवायचं, कुठल्याही कागदावर. दवाखान्यात प्रत्येक नवा माणूस तोच प्रश्न विचारतो आणि कळांमध्ये सगळं विसरायला होतं. ती वेळ बाळंतपणानंतरही उपयोगी पडते. पाणी जाऊन २४ तासांहून जास्त वेळ झाला असेल तर बाळ दिसायला छान असलं तरी पहिले १२ तास त्याच्यावर बारीक नजर ठेवतात: श्वास जोरात चाललाय का, कण्हतंय का, अंग गार किंवा गरम लागतंय का, दूध ओढतंय का, फारच सुस्त आहे का. हे आईलाही बघता येतं, आणि पुष्कळदा नर्सच्या आधी आईलाच दिसतं. घरी गेल्यावर पहिल्या काही दिवसांत यातलं एकही लक्षण दिसलं तर बाळाला घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं, आणि पाणी गेल्यापासून बाळ जन्मेपर्यंत किती तास झाले होते ते त्यांना सांगायचं.